मोहफुलांचं गणित

चंद्रपूरच्या कॉलेजात गणित स्पर्धेची फायनल होती. जोडीतल्या कॉलेजच्या पोरानं तयारी करून घ्यायची, शाळेतल्या पोरीनं गणितं सोडवायची. ताबिश आणि सातवीतल्या मयुरीची जोडी एकाच गणितानं हरली. एका बाईला टोपलीभर मोहफुलं वेचायला चार तास लागतात, तर दोघींना किती?

मयुरीनं लिहिलं होतं, चार.

"अवं, दोन तास!" बाहेर आल्यावर ताबिश चिडला. "इतकं सोपं काऊन चुकवलं?"

"वेचते तं एकच ना, भाऊ. दुसरी वाघावर नजर ठेवते. आमच्या गावात साऱ्या बाया तशाच जातेत."

ताबिशला हसूच आलं. "हे कवापासून?"

 

"माय एकटी गेली होती, तवापासून."