शांततेतली पेनल्टी

वाचकहो, कोल्हापुरातील एका निर्णायक पेनल्टीची गौरवगाथा सविनय निवेदन करीत आहे.

तेजल फुटबॉलच्या सरावात पेनल्टी मारू लागली, की प्रशिक्षक बाबूराव इतर मुलींना तिला मुद्दाम हिणवायला लावीत. "फायनलला सगळं मैदान वरडणार. आत्ताच कान तयार कर," असे बजावीत.

अंतिम सामना बरोबरीत सुटला. शेवटची पेनल्टी तेजलची होती. गोल झाला तरच चषक. परंतु सारे मैदान श्वास रोखून गप्प झाले. या शांततेचा सराव बाबूरावांनी दिलाच नव्हता. तेजलने चेंडू दोनदा जागेवर ठेवला, पण पाऊल उचलेना.

बाबूरावांनी कडेवरून गर्जना केली, "तेजे, म्हशी धुवायला जा, तुला जमायचं न्हाई!"

तेजल हसली. "जातो की वस्ताद, गोल मारून," म्हणत तिने चेंडू जाळ्यात धाडला.

आता मैदान गरजले. अभिमानाने तिच्याकडे बघत बाबूराव तेवढे गप्प होते.

वाचकांचे मनःपूर्वक आभार.
— शंकर ज्ञानू चौगुले