येतो

सरोजिनीबाई वसमतच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायच्या. "लेकराचा स्वभाव घरातच घडतो," असं वर्गात ठासून सांगायच्या. नवरा गेल्यावर एकटीनं चिन्मयला वाढवताना त्यांनी त्याला तसंच घडवलं. समोरच्याला बरं वाटावं म्हणूनसुद्धा खोटं बोलायचं नाही, हे त्याच्या अंगी पुरतं बाणवलं.

आज तो कॅनडाला निघाला. दारात गाडी उभी होती. पाया पडून तो म्हणाला, "आई, जातो."

शेजारच्या द्वारकाबाई कळवळल्या. "जातो म्हणू न्हाई लेकरा, येतो म्हणावं."

चिन्मयनं खाली मान घालून नुसती बॅग उचलली.

सरोजिनीबाईंनी त्याचा हात घट्ट धरला.



"म्हण की रे. खोटं का होईना."