निळा बाण

आबा सकाळपासून लेकीच्या टेबलाभोवती फेऱ्या घालत होते. कागदावर वाकायचे, घसा खाकरायचे आणि पुन्हा खिडकीशी जायचे. हेमांगी कुमारांसाठीच्या लढायांच्या पुस्तकाचे नकाशे काढत होती. शेवटचा नकाशा आबा तरुणपणी जिथे लढले त्या टेकडीचा होता, आणि तो संध्याकाळी छापखान्यात जायचा होता.

तिने रिवाजाप्रमाणे आबांच्या पलटणीची चढाई दाखवणारा निळा बाण काढला होता. पायथ्याशी निमुळता, शिखरावर ऐसपैस टोकाचा.

"आबा, एकतर बसा, नाहीतर काय खुपतंय ते सांगा!" ती वैतागलीच.

"ह्यो उलटा हाय." आबांनी बाणावर बोट दाबलं. "खाली आम्ही समदे होतो. चढताना माणसं गळत गेली. अन् तुझा बाण वर जाऊन रुंद झालाय!"

"नकाशात बाण असाच काढतात हो."

"काढत असतील. पण हे पोरं वाचणार हाईत ना?"

आबा परत खिडकीशी गेले. हेमांगी बराच वेळ ब्रश धूत राहिली. मग तिने नवा कागद ओढला. पायथ्याशी चांगला बोटभर पट्टा, चढणीवर बारीक होत गेलेला, आणि शिखरापाशी जेमतेम केसाएवढी रेघ.

"आता बघा."

आबांनी चष्मा लावला आणि सकाळपासून पहिल्यांदाच ते खुर्चीत बसले. त्यांचं बोट पट्ट्यावरून सावकाश वर सरकलं आणि त्या केसाएवढ्या रेघेवर थांबलं.

"ह्यो मी," ते म्हणाले.