चेहरा हलवायचा नाही

"दोन मिनिटं चेहरा अजिबात हलवायचा नाही. हसायचं नाही, बोलायचं नाही, हात लावायचा नाही. नुसतं बाळाकडे बघत बसायचं," संशोधक रोवेना म्हणाली. "समजलं ना?"

सेफिनाने भुवया उंचावल्या. रोवेना तिच्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत राहिली.

"समजलं ना?"

"हो," सेफिनाला शेवटी तोंड उघडावं लागलं. सामोआत भुवया उंचावल्या की 'हो' झालं; या गोऱ्यांना मात्र ते कानांनीच ऐकावं लागतं.

"बाळ रडेल हं. घाबरू नका. आई अशी दगड होऊन बसली की बाळं रडतातच. फार झालं तर मी लगेच थांबवेन."

रोवेना काचेआड जाऊन बसली. खोलीत उरल्या दोघीच. उंच खुर्चीत आठ महिन्यांची लुपे आणि समोर तिची आई. दोघींवर एकेक कॅमेरा रोखलेला.

विद्यापीठाच्या या खोलीत येणारी प्रत्येक आई बाळ रडेल म्हणून धास्तावलेली असे. सेफिना धास्तावली होती ती बाळ रडणार नाही म्हणून.

लुपे झाली आणि सेफिनाचं मन विझलं. का, ते तिलाही सांगता येत नव्हतं. ती बाळाला पाजायची, न्हाऊ घालायची, झोपवायची, पण हसू म्हणून येत नव्हतं. आरशात बघितलं की एक मख्ख बाई समोर उभी असे. दवाखान्यातल्या नर्सने गोळ्या सुरू केल्या आणि आई-बाळांच्या या अभ्यासाचा पत्ताही दिला. तेव्हापासून सेफिनाला एकाच विचाराने घेरलं होतं. आई दगड झाल्यावर बाळं रडतात ती फरक कळतो म्हणून. जिची आई घरीच दगड आहे, ती पोर कशाला रडेल?

त्यात आज गाडीत सासूने विषय काढला होता. तेलेसिया रविवारी सामोआला परत निघाली होती.

"पोरीला माझ्याबरोबर दे. तिकडे आत्या आहेत, चुलत्या आहेत, पोरीला घेऊन बसायला मांड्यांना काय तोटा? मीही आजीकडेच वाढले. काय वाईट झालं माझं? वजन तेवढं जास्त झालं. तू बरी झालीस की घेऊन जा. देशील ना?"

सेफिनाच्या भुवया अर्ध्यावर जाऊन थांबल्या होत्या.

"अर्धं हो मला चालत नाही गं," तेलेसिया म्हणाली होती. "तुझं ते गोऱ्यांचं काम झालं की पुरतं सांग."

सेफिनाने मनाशी ठरवून टाकलं होतं. लुपे रडली तर ती आपल्यापाशी राहील. नाही रडली तर आजीबरोबर जाईल. ज्या आईचं असणं-नसणं पोरीला सारखंच, तिने पोरीला धरून ठेवू नये.

घंटी वाजली.

सेफिनाने ओठ मिटले, गाल आवळले. लुपे तिच्याकडे बघून हसली. "बा," ती म्हणाली. सेफिना गप्प. लुपेने खुर्चीची फळी बडवली, मग छताच्या दिव्याकडे बोट केलं. "दा?" सेफिना गप्प. लुपेने पायातला मोजा ओढून काढला आणि आईला दाखवला.

रड गं. रड माझे बाई. एकदाच रड.

मघाशी बाहेर बसलेली असताना याच खोलीतून आधीच्या बाळाचा टाहो ऐकू आला होता. त्या आईचा सेफिनाला हेवा वाटला होता. लुपे मात्र मोजा चघळत होती, मजेत काहीबाही बडबडत होती. मी माझ्या पोरीला काय करून ठेवलं, एवढंच तिच्या डोक्यात घुमत राहिलं.

पुन्हा घंटी वाजली. लुपे रडली नव्हती.

सेफिनाने तिला उचललं. रोवेना कपाळाला आठ्या घालून आत आली.

"सॉरी, पण ही चाचणी आम्हाला धरता येणार नाही."

"मला माहीत आहे," सेफिनाला रडू फुटलं. "ती रडलीच नाही. माझं हे मेलेलं तोंड तिला रोजचंच आहे."

"अहो, रडेल कशी? तुम्ही नियम कुठे पाळलात?" रोवेनाने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. "हे बघा."

पडद्यावर दोघींचे चेहरे शेजारी शेजारी होते. लुपे "बा" म्हणाली. सेफिनाचे ओठ शिवल्यासारखे मिटलेले होते आणि भुवया मात्र वर गेल्या. लुपेने दिवा दाखवला. भुवया वर. मोजा दाखवला. पुन्हा वर. आणि दर वेळी लुपे आपल्या विरळ भुवया तशाच उंचावत होती आणि खुशीत पुढचं काही सांगायला लागत होती.

"हे काय करत होतात तुम्ही?"

सेफिना बघतच राहिली. तिने ओठ सांभाळले होते, गाल सांभाळले होते. भुवयांचं भान तिला ना आज होतं, ना घरी कधी.

"मी... मी तिला हो म्हणत होते."

"सारखं?" रोवेनाने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. "मग तुम्ही गप्प कधी बसलात?"

दार ढकलून तेलेसिया आत आली. तिने करून आणलेले खोबऱ्याच्या दुधातले पाव बाहेरच्यांनी संपवले होते. रिकामा डबा तिच्या काखेत होता.

"झालं का रडणं-बिडणं? आता पुरतं सांग बाई. रविवारी नेऊ ना हिला?"

सेफिनाने लुपेला छातीशी घट्ट धरलं आणि सासूच्या डोळ्यांत बघितलं. या वेळी मात्र तिचा चेहरा जराही हलला नाही.