सव्वीस दिवस

"आजच्या तपासणीत काही दिसत नाही," सल्ला केंद्रातल्या रोहिणी मॅडम म्हणाल्या. पारूने बसल्या जागी हात जोडले आणि धाकट्या जावेला कोपराने ढोसलं. "ऊठ गं. कडावची जीप भेटंल."

सुंदरा उठली नाही.

मॅडमनी आधी पारूला बाहेर थांबायला सांगितलं होतं. "बसू द्या," सुंदराच म्हणाली होती. मग सगळी हकिगत पारूनेच सांगितली. जत्रेत हिने दंडावर गोंदवून घेतलं, एकाच सुईने दहा जणींना गोंदत होता मेला, म्हणून हिच्या मनात एचआयव्हीची शंका. सांगता सांगता तिने सुंदराची बाही वर सारून पुरावाही दाखवला. दंडावर 'सुंदरा' एवढंच लिहिलेलं होतं.

"जत्रेला किती दिवस झाले?" मॅडमनी आता विचारलं.

"चार महिने," पारू म्हणाली.

"मग आजचा रिपोर्ट पक्का धरा. निर्धास्त जा."

तेवढा शब्द घेऊन सुंदराला उठता आलं असतं. नवरा जाऊन सहा वर्षं झालेल्या बाईला आणखी काय हवं? पण दोन आठवड्यांपूर्वी आलेला तो ताप, छातीवरचं लाल पुरळ, मानेतल्या गाठी, तोंडातले फोड, सगळं एकदम आलं आणि आठवड्यात आपोआप गेलं. गेलं म्हणून पारू खूश होती. सुंदराला त्या जाण्याचीच धास्ती होती. असा ताप उतरतो, पण आतलं दुखणं उतरलंच असं समजू नका, असं गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी बायकांच्या बैठकीत सांगितलं होतं.

"मॅडम, गोंदणाचं सोडा," ती म्हणाली. "एका बाप्याबरोबर होते मी. माझ्या मर्जीनं. सव्वीस दिवस झाले त्याला. बारा दिवसांनी ताप आला."

पारूने कपाळावर हात मारला. "गप गं, सुंदरे! रिपोर्ट चांगला आला ना?"

"सुईचा आला. माझा नाय आला."

मॅडमनी पेन उचललं. एवढ्या दिवसांत रक्तात दिसेलच असं नाही, त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून सहा आठवड्यांनी एकदा यायचं, तीन महिने भरले की पुन्हा. तोवर जपून राहायचं. त्यांनी चिठ्ठीवर दोन तारखा लिहिल्या.

"आनखी एक चिठ्ठी द्या," सुंदरा म्हणाली. "त्याला पन घेऊन येते."

रस्त्यावर आल्यावर पारूने मागेपुढे पाहिलं. "कंबरेला खोच ती. घरी तांदळाच्या डब्यात ठेव."

"भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिनार हाय. मोठ्या अक्षरात."

"अगं, सासूबाई वाचतील!"

"वाचू देत," जीपमध्ये चढत सुंदरा म्हणाली. पारूने वर सारलेली बाही तिने अजून खाली केली नव्हती. "मी इसरले तर आठवन तरी करतील."