चालू लाइन

"दुपारी तुझा मोबाइल तासभर घरच्या वाय-फायवर नव्हता. कुठं उलथली होतीस?" शेजारून आवाज आला आणि केतकीचं डोकं आमच्या सामाईक भिंतीवर आपटलं. तिचा नवरा ऑफिसात राउटरांवरची वर्दळ बघायचा, तिथूनच घरच्या राउटरवरचीही.

सकाळी तिच्या कपाळाला हळद लावताना मला माझ्या नोकरीतलं टेलिफोन एक्स्चेंज आठवलं. "अगं, गिऱ्हाईक रिसीव्हर जागेवर ठेवायला विसरून गावाला गेलं, तरी आम्हाला लाइन चालूच दिसायची." ती माझ्याकडे बघतच राहिली.

नवरा ऑफिसला गेल्यावर तिने मोबाइलवर दिवसभर चालेल अशी मालिका लावली, मोबाइल चार्जिंगला ठेवला आणि माहेरची एसटी धरली.

संध्याकाळी भिंतीवर पुन्हा काहीतरी जोरात आपटलं. या वेळी फुटला तो फक्त मोबाइल.