रघुदादाकडची प्रत

कोपरीच्या भावनाने दहा वर्षं खपून माहेरची वंशावळ, मिठागरावरचे फोटो, जुने कागद, सगळं स्कॅन करून ठेवलेलं. एक दिवस हार्डडिस्क बंद पडली. दुकानदार म्हणाला, "यातून काही निघणार नाही."

नवरा हळहळला. भावना मात्र शांत होती.

"एक प्रत शहाडला रघुदादाकडे आहे. तीन वर्षांपूर्वी काम संपलं तेव्हाच पाठवलेली."

"तुझ्या चुलतभावाकडे? जागेवरून कोर्टात भांडतोय तो तुझ्याशी."

"म्हणूनच दिली. तो एकही कागद हरवू देणार नाही."

रविवारी ती शहाडला गेली तेव्हा रघुदादाने पेनड्राइव्ह तिच्या हातात ठेवला. घरी येऊन तिने तपासलं. सगळं जागेवर होतं. वंशावळीत दोन नावं मात्र नवीन होती. एक रघुदादाच्या नातवाचं. दुसरं भावनाच्या नातीचं, जिच्या बारशाला त्याला बोलावलंच नव्हतं.